नवीन ख्रिस्ती झालेल्यांच्या विश्वासावर भरवसा ठेवावा का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या मंडळीत यंदा दोन-तीन घरं बाप्तिस्मा घेऊन आली आणि जुने लोक म्हणतात हे काही खरं नाही, काहीतरी मिळेल म्हणून आलेत, तर भरवसा ठेवायचा का. ठेवा. आधी ठेवा, मग बघा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला, आमचं घर आजोबांपासून ख्रिस्ती, आणि आमच्याकडेही कोणी नवीन आलं की हीच कुजबुज सुरू होते.

"काहीतरी मिळेल" म्हणणाऱ्यांनी एकदा हिशोब तरी करावा. अनुसूचित जातीतला माणूस ख्रिस्ती झाला की राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे त्याचा तो दर्जा जातो, कारण तो आधी फक्त हिंदूंनाच होता. शिखांना 1956 ला आत घेतलं, बौद्धांना 1990 ला, ख्रिस्ती आजही बाहेर. आदिवासींचा दर्जा जात नाही, पण भाऊबंदांचं तोंड फिरतं ते त्यांनाही चुकत नाही. लग्नाचं आवतन येत नाही, कोणी मेलं तर उशिरा कळवतात. एवढं सोसून माणूस रविवारी येऊन बसतो, तर त्याच्या "प्रभूवर माझा विश्वास आहे" या बोलण्याला काहीतरी किंमत द्याल की नाही?

आमच्या मंडळीतल्या एका शेतकरी भाऊचं सांगतो. बाप्तिस्मा झाला, दारू सुटली, पण घरात देव तसेच. लगेच बोंब झाली की हा दोन्हीकडून खातो. पास्टरसोबत मीपण गेलो होतो त्याच्या घरी. कोपऱ्यात फळीवर देव, समोर म्हातारी वाती वळत बसलेली, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "मायचे देव हायेत ते. माय हाय तोवर मी काऊन हात लावू?" स्वतः तो त्या फळीपुढे हात जोडत नाही, पण तिच्यासाठी तेल मात्र आणून देतो. मला त्यात ढोंग दिसत नाही, आईबापाचा मान राख ही तर आपलीच आज्ञा आहे ना. घरातलं एक माणूस आधी येतं, बाकीच्यांना वेळ लागतो. कवी ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत नवा करार मिळाला, 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 ला. मधली वर्षं त्या बाईने काय काय सोसलं, पण उशीर झाला म्हणून त्यांचा विश्वास खोटा असं कोण म्हणेल?

प्रेषितांची कृत्ये, 9 वा अध्याय काढून वाचा. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल विश्वास ठेवून यरुशलेमला आला तर शिष्य त्याला भीत होते, हा शिष्य आहे हेच कोणी मानेना. बर्णबा नावाच्या एका शिष्याने त्याला सोबत घेतलं, प्रेषितांकडे नेलं, त्याच्यासाठी शब्द टाकला. मंडळीत असा एक बर्णबा लागतोच, तो तुम्ही व्हा.

याचा अर्थ डोळे मिटून घ्या असा नाही. तोच शौल पुढे पौल झाल्यावर तीमथ्याला लिहितो की मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा. म्हणून लगेच खजिना हातात देऊ नका, लगेच स्टेजवर साक्ष द्यायला उभं करू नका, त्याने तर नवीन माणसाचं नुकसानच होतं, त्याला वाटतं लोकांना आवडेल तेच बोलावं. आणि कोणी फक्त लग्न जुळावं म्हणून घाईने बाप्तिस्मा मागत असेल तर पास्टरने थांबवून नीट शिकवावं, त्यात गैर काही नाही.

पण एक गोष्ट बोलतोच, कोणाला राग आला तरी चालेल. कित्येकदा जुन्यांची शंका विश्वासावर नसतेच, जातीवर असते. प्रभुभोजनाला एका रांगेत बसतात आणि घरी चहा प्यायची वेळ आली की कामं आठवतात. आमच्याकडचं एक घर याच्यामुळेच यायचं बंद झालं, आणि मग तेच लोक म्हणाले "पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?" मला त्याचा आजही संताप येतो. तुमच्याकडे हे होऊ देऊ नका. या रविवारी उपासना सुटली की त्यांच्या घरी जा, चहा घ्या, आणि ते प्रभूत कसे आले हे त्यांच्याच तोंडून ऐका.