प्रकल्प अहवाल लॅटेकमध्ये हवाय, कोर्स लावू का?

प्रश्न : मी बेळगावात एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव खानापूर तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सरांनी प्रकल्प अहवाल लॅटेकमध्येच (मजकूर आणि समीकरणं आज्ञा लिहून मांडायच्या संगणक-प्रणालीत) मागितला आहे. मजकूर इंग्रजीत, सारांश कन्नडमध्येही, आणि आभार मला मराठीत लिहायचे आहेत. डीटीपीचा कोर्स लावू का? याचा नोकरीला उपयोग होतो का?

उत्तर : डीटीपीचा कोर्स लावू नका. पेजमेकर, कोरलड्रॉ पत्रिका-जाहिरातींसाठी चांगले, तुमच्या समीकरणांना त्यांचा उपयोग नाही. लॅटेक फुकट आहे, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले त्याचे धडेही फुकट आहेत.

सुरुवात ओव्हरलीफ या लॅटेकच्या वेबसाइटवर करा. ब्राउझर पुरतो, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. अहवाल मोठा झाला, चित्रं जड झाली की फुकट खात्यातली कंपाइलच्या (लिहिलेल्या फाइलची पीडीएफ करण्याच्या) वेळेची मर्यादा आड येते. तेव्हा टेक लाइव्ह घ्या, म्हणजे संगणकावर बसवायचा लॅटेकचा संच. ते काही जीबींचं असतं. गावाकडे मोबाइलच्या नेटवर उतरवत बसू नका, विभागाच्या लॅबमधून पेनड्राइव्हवर न्या.

पहिल्याच दिवशी अहवालाला हात घालू नका. आर्टिकल क्लासमध्ये (क्लास म्हणजे लॅटेकमधला तयार साचा) एक पान करा: एक समीकरण, एक तक्ता, एक चित्र, दोन संदर्भ. ते जमलं की रिपोर्ट क्लास घ्या आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करून मुख्य फाइलमध्ये इन्क्लूड करा. समीकरणाच्या क्रमांकाऐवजी किंवा संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका. क्रमांक आधीच्या फेरीत लिहून ठेवलेल्या फाइलमधून येतात, म्हणून घरच्या संगणकावर कंपाइल, मग बिबटेक (संदर्भांची यादी तयार करणारा प्रोग्रॅम), मग पुन्हा दोनदा कंपाइल. टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश टाकायला विसरलात तर त्या ओळीतला पुढचा मजकूर टिप्पणी समजून गुपचूप गळतो, चूकही दाखवत नाही. चुकांची लांबलचक यादी आली तर फक्त पहिली दुरुस्त करा. खालच्या बऱ्याचशा तिच्यातूनच आलेल्या असतात.

आता तीन लिप्यांचं. ओव्हरलीफचा कंपायलर सहसा पीडीएफलॅटेक असतो आणि त्याला देवनागरी, कन्नड झेपत नाही. सेटिंगमध्ये झीलॅटेक निवडा. फॉन्ट निवडायचं फॉन्टस्पेक पॅकेज (लॅटेकला जोडायची तयार पुरवणी) घेऊन मराठीसाठी नोटो सेरिफ देवनागरी, कन्नडसाठी नोटो सेरिफ कन्नड अशी दोन फॉन्ट-कुटुंबं ठरवा आणि प्रत्येकाला स्क्रिप्टचा पर्याय आवर्जून द्या. तो राहिला की ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात, कन्नडचे ओत्तक्षर (जोडाक्षरातलं खाली लिहिलं जाणारं अक्षर) खाली बसत नाहीत. कन्नड मजकूर चुकून इंग्रजी फॉन्टमध्ये राहिला तर काही वेळा तिथे नुसती मोकळी जागा दिसते आणि सूचना फक्त लॉगमध्ये (कंपाइल करताना बनणाऱ्या नोंदींच्या फाइलमध्ये) असते. म्हणून लॉगमध्ये ‘मिसिंग कॅरॅक्टर’ शोधण्याची सवय लावाच.

सारांश दुकानातून टाइप करून आणणार असाल तर युनिकोडमध्येच हवा असं आधी सांगा. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर कॉपी केला की रोमन अक्षरांचा कचरा येतो. आभार स्वतःच इनस्क्रिप्ट कीबोर्डने टाइप करा.

नोकरीचं स्पष्ट सांगते. नुसत्या लॅटेकवर नोकरी मिळते ती मुख्यतः चेन्नई, पुदुच्चेरी, तिरुवनंतपुरमकडच्या, परदेशी प्रकाशकांची जर्नलं लावणाऱ्या कंपन्यांत, आणि तिथे एक्सएमएलही (मजकुराच्या भागांना खुणा लावायची पद्धत) यावं लागतं. पण गणितात पीएच.डी. करायची असेल तर लॅटेकशिवाय चालतच नाही. तिथले शोधनिबंध लॅटेकमध्येच लिहिले जातात. तुमचा कल तिकडे असेल तर आत्ताचा अहवाल हीच चांगली तालीम आहे, ती मनापासून करा.

समास विभागाच्या नियमाप्रमाणे जॉमेट्री पॅकेजने ठरवा, बाइंडिंगची डावी बाजू रुंद ठेवा. छपाईला देताना दुकानदाराला ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’वर काढायला सांगा. ‘फिट टू पेज’वर काढलं की पान थोडं आक्रसतं आणि मापून ठेवलेला समास बदलतो. आधी एकच पान काढून पट्टीने मोजा, मग सगळ्या प्रती काढा.