कॅमेरा जरूर घ्या, पण आधी कार्ड कोरं करा

वाचकांचं पत्र थोडक्यात असं आहे. वय ३४, फोटोग्राफीची आवड जुनी, पण आतापर्यंत सगळं मोबाइलवर. मुलगी सहा वर्षांची. घरातले, संध्याकाळचे तिचे फोटो मोबाइलवर नुसता चिखल होतात. एक फुल फ्रेम (प्रकाश टिपणारा सेन्सर मोठा असलेला) मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा किट लेन्ससह, म्हणजे सोबत येणाऱ्या झूम लेन्ससह, बघून ठेवलाय, किंमत दोन महिन्यांच्या पगाराएवढी. प्रश्न दोन: पैसे कार्डावरच्या २४ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने द्यावेत की विमा पॉलिसीवर ९ टक्क्यांनी कर्ज काढून? आणि डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, आता जुना झाला का? स्टॉक फोटोंच्या, म्हणजे वेबसाइटवर विकायला ठेवलेल्या फोटोंच्या, कमाईतून हप्ता सुटेल अशी आशाही त्यांना आहे. शेवटी त्या सहज लिहून जातात, ‘कार्डावर दीड वर्षापासून दीड पगाराएवढी थकबाकी आहे. पण किमान देय रक्कम मी एकदाही चुकवलेली नाही, त्यामुळे व्याजाचा प्रश्न नाही.’

ताई, कॅमेऱ्याकडे येतोच, पण या शेवटच्या ओळीवर मला थांबावं लागणार आहे. व्याजाचा प्रश्न आहे, आणि तुमच्या घरात आज त्याच्याएवढा मोठा दुसरा प्रश्न नाही.

तुम्ही खरे आकडे छापू नका म्हणालात, म्हणून महिन्याचा हातात येणारा पगार १०० धरतो. थकबाकी झाली १५०. किमान देय रक्कम भरली की फक्त विलंब शुल्क टळतं आणि कार्ड चालू राहतं. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच असतं. तुम्ही पाठवलेल्या स्टेटमेंटवर दर छापलाय, महिन्याला ३ टक्के. म्हणजे महिन्याला साडेचार आणि वर्षाला ५४. अर्ध्या पगाराहून जास्त पैसे दरवर्षी नुसत्या व्याजात जातात. तुम्ही किमान रक्कम भरता साडेसात, त्यातले साडेचार व्याजाला जातात, तीन मुद्दलाला लागतात. आणि महिन्याभरात किराणा, औषधं वगैरे मिळून तेवढेच तीन पुन्हा कार्डावर चढतात, म्हणून थकबाकी जिथल्या तिथे. दीड वर्षात ८० च्या वर व्याज भरून झालंय. खाली मी जो कॅमेरा सुचवणार आहे, तो लेन्ससकट त्यात येऊन वर पैसे उरले असते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे जी कार्ड देताना कोणी नीट समजावत नाही. थकबाकी मागे ओढत असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज. याच कार्डावर तुम्ही २०० चा कॅमेरा चढवायला निघालात.

नो-कॉस्ट ईएमआयचं एका परिच्छेदात संपवतो. रोखीने घेतलात तर तोच कॅमेरा १८८ ला मिळतो, असं तुम्हीच लिहिलंय. ईएमआयला सूट नाही आणि वर प्रक्रिया शुल्क, एकूण २००. मधले १२ म्हणजेच व्याज, वर्षाला साधारण ६ टक्के. दर काही भयंकर नाही, पण त्याला बिनखर्ची म्हणणं खोटं आहे. खरी अडचण तुमच्या महिन्याच्या हिशेबात आहे. घरखर्च ७४, पॉलिसीचा हप्ता १०, कार्डाचे साडेसात. झाले साडेएक्क्याण्णव. उरलेले साडेआठ संपूर्ण कॅमेऱ्याच्या हप्त्याला. बाजूला शिल्लक शून्य. दोन वर्षांत एकदाही दाढ दुखणार नाही, गिझर बिघडणार नाही, यावर ही योजना उभी आहे. एक हप्ता अडला की तोही ३ टक्क्यांच्या रांगेत जाऊन बसेल.

आता पॉलिसी. तुम्ही तिच्याकडे कर्जाची सोय म्हणून बघताय. कागदपत्रं पाहिल्यावर मला मात्र राग आला, तुमच्यावर नव्हे, ज्याने ही गळ्यात मारली त्याच्यावर. महिन्याला १० म्हणजे वर्षाला १२०. वीस वर्षांत भरणार २४००, शेवटी मिळणार सुमारे ३६००. ‘दीडपट परतावा’ हे शब्द माहितीपत्रकात ठळक छापलेत. पैसे वीस वर्षांत हप्त्याहप्त्याने अडकणार, तेव्हा दीडपट म्हणजे वर्षाला ४ टक्केही पडत नाहीत. आणि विमा किती? १२००. तुमचा एका वर्षाचा पगार. घर तुमच्या पगारावर चालतं, मुलगी सहा वर्षांची आहे, आणि उद्या तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हातात एका वर्षाचे पैसे येतील. पगाराचा दहावा हिस्सा दर महिन्याला देऊन एवढंच संरक्षण पदरात पडलंय. ‘बचत आणि विमा दोन्ही’ असं सांगून विकलेल्या या वस्तूत बचत धड नाही आणि विमा तर नाहीच नाही.

म्हणजे एका हाताने तुम्ही ४ टक्क्यांच्या आत साठवताय आणि दुसऱ्या हाताने ३६ टक्क्यांनी उधार घेताय. कॅमेऱ्याला पैसे पुरत नाहीत ते यामुळे. पगार कमी आहे म्हणून नाही, आणि हौस मोठी आहे म्हणून तर मुळीच नाही.

पॉलिसीवर कर्ज काढून कॅमेरा नको. ते कर्ज काढून कार्ड फेडा, असं सांगण्याचा मोह मलाही झाला, कारण ३६ च्या जागी ९ टक्के लगेच दिसतात. पण पुढचा हिशेब मांडून बघा. कंपनीच्या पत्राप्रमाणे आज पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधी बंद केली, तर १८० मिळतात. चार वर्षांत भरले ४८०. म्हणजे ३०० बुडाले, तीन महिन्यांचा पगार. हे वाचून पोटात गोळा येईल, कळतंय मला. पण ते पैसे आज बुडत नाहीयेत, पॉलिसी घेतली तेव्हाच कमिशन आणि खर्चात गेले. आता प्रश्न एवढाच की हातातले १८० सोडून आणि पुढची सोळा वर्षं १२० भरून शेवटी ३६०० घेणं परवडतं का. हा इथून पुढचा परतावा साडेपाच-पावणेसहा टक्के येतो. गेलेलं गेलं म्हणून सोडल्यावर पॉलिसी थोडी बरी दिसते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तेवढी राखण्यासाठी ९ टक्क्यांचं कर्ज अंगावर घ्यायचं आणि महिन्याचे १० अडकवून ठेवायचे, हे गणित बसत नाही.

म्हणून पॉलिसी सरेंडर करा, पण आज नाही. आधी निव्वळ मुदत विमा, टर्म इन्शुरन्स, घ्या. तुमच्या वर्षाच्या पगाराच्या दहा-बारा पट. तुमच्या वयाला, तब्येत ठीक असेल तर, महिन्याला २ च्या आत बसायला हरकत नाही. अर्जात काहीही लपवू नका. ती पॉलिसी मंजूर होऊन कागद हातात आला की मगच जुनी सरेंडर करा. ती विकणारा माणूस नात्यातला आहे, त्याला वाईट वाटेल, असं तुम्ही लिहिलंय. त्याला कमिशन मिळून चुकलंय. सरेंडरच्या रकमेवर कर बसतो का, तेवढं मात्र विचारून घ्या.

आलेल्या १८० मधले १५० थेट कार्डाला, एकरकमी. लगेच गाफील राहू नका. स्टेटमेंटची तारीख आणि पैसे भरल्याची तारीख यांच्या मधल्या दिवसांचं व्याज पुढच्या स्टेटमेंटमध्ये येतं. तेही पूर्ण भरा आणि लागोपाठ दोन स्टेटमेंट शून्याची येईपर्यंत कार्ड वापरू नका. पुढेही ‘एकूण देय रक्कम’ आपोआप कापली जाईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा, किमान रकमेची नव्हे.

आता महिन्याकडे पुन्हा बघा. कार्डाचे साडेसात सुटले, कॅमेऱ्याच्या हप्त्यासाठी धरलेले साडेआठ आहेत, पॉलिसीचे १० सुटले. एकूण २६. त्यातून टर्मचे २ वजा करा, आणि कार्डावर चढणारा ३ चा किराणा आता रोखीने होईल, तोही वजा करा. हातात २१ राहतात. त्यातले १३ अडीअडचणीच्या निधीला, ८ कॅमेऱ्याला. सात महिन्यांत कॅमेऱ्याचे ५६ जमतात. सरेंडरमधून उरलेले ३० आणि सात महिन्यांचे ९१ मिळून निधीत १२१, म्हणजे दीड महिन्याचा खर्च निघेल एवढे. निधी तेवढ्यावर थांबवायचा नाही, सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्यायचा. पण कॅमेऱ्यासाठी तोपर्यंत थांबा असं मी सांगणार नाही. मुलगी सहा वर्षांची एकदाच असते.

स्टॉक फोटोंच्या कमाईतून हप्ता सुटेल, ही आशा मात्र आजच सोडून द्या. शटरस्टॉक या फोटो विकणाऱ्या वेबसाइटने २०२० मध्ये छायाचित्रकारांच्या कमाईची पद्धत बदलली, तेव्हा एका डाउनलोडमागची किमान कमाई १० सेंट ठेवली. त्या दराने शंभर डाउनलोड झाले तर १० डॉलर, आणि नव्या माणसाचे शंभर डाउनलोड व्हायलाही भरपूर फोटो लागतात. शिवाय ओळखू येणाऱ्या माणसाचा फोटो जाहिरातीसाठी विकायचा तर त्याची लेखी संमती लागते, मुलांच्या बाबतीत पालकांची. तुम्ही फोटो काढता मुलीचे. ते कुठल्याशा जाहिरातीत फिरावेत असं तुम्हाला वाटतं का, हा विचार पैशांच्याही आधी करा. हौस आपल्या पैशाने करावी, तिच्यावर कमाईचं ओझं टाकू नये.

आता ५६ मध्ये काय येतं ते पाहू. तुमची तक्रार कमी उजेडाची आहे, तेव्हा हिशेबही उजेडाचाच करू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी हा त्याहून लहान सेन्सर, साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्षेत्रफळाचा फरक सव्वादोन पटीच्या थोडा वर. पण स्वस्त फुल फ्रेम कॅमेऱ्याबरोबरची किट लेन्स झूम केल्यावर एफ ६.३ किंवा ७.१ पर्यंत अंधारते (एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). त्याऐवजी एपीएस-सी बॉडीवर एफ १.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स लावली, तर ६.३ च्या तुलनेत १२ पट प्रकाश आत येतो. मोठ्या सेन्सरचा फायदा वजा केला तरी पाच पट. तुम्ही जास्त पैसे देऊन नेमका कमी उजेडाचा कॅमेरा घेणार होतात. याचा एक तोटाही आहे. एफ १.८ ला फोकसची पट्टी बारीक असते, डोळे स्पष्ट आणि कान धूसर होतात. मुलांच्या फोटोंत मला ते आवडतं, पण दोघं-तिघं एका फोटोत असतील तेव्हा एफ ४ वर या.

घरातल्या खोल्यांसाठी ३५ मिलिमीटरची लेन्स घ्या (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ येतं). एपीएस-सीवर ती साधारण फुल फ्रेमवरच्या ५२ सारखी दिसते. ५० मिलिमीटर सगळ्यांत स्वस्त मिळते, पण ती ७५ ते ८० सारखी होते आणि छोट्या खोलीत तुमची पाठ भिंतीला लागते.

डीएसएलआर जुना झाला का? कंपन्यांसाठी हो, नवं संशोधन आणि नव्या लेन्स मिररलेसकडे गेल्या आहेत. तुमच्यासाठी ही चांगली बातमी आहे, कारण लोक चांगल्या अवस्थेतले डीएसएलआर विकतायत. कॅननचा ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची जोडणी, १९८७ पासूनचा, म्हणजे जुन्या लेन्सचा साठा प्रचंड, आणि पुढे कॅननच्या मिररलेसवर गेलात तरी त्या अडॅप्टरने चालतात. निकॉनच्या डी३००० किंवा डी५००० मालिकेतली बॉडी घेतलीत तर तिच्यात फोकसची मोटर नसते, तेव्हा लेन्सवर एएफ-एस लिहिलंय ना, म्हणजे तिच्यात स्वतःची मोटर आहे ना, ते बघा. त्यांची डीएक्स (एपीएस-सीसाठीची) ३५ मिलिमीटर एफ १.८ तुमच्या कामाला अगदी योग्य आहे. मिररलेसच्या बाजूने एक मुद्दा मात्र खरा आहे. पळणाऱ्या मुलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवणं त्यांना जास्त चांगलं जमतं. बजेटमध्ये सेकंडहँड एपीएस-सी मिररलेस मिळाला तर तोच घ्या. नाहीतर डीएसएलआरने तुमचं काहीही अडणार नाही. २४ मेगापिक्सेलमधून १२ बाय १८ इंचांची उत्तम प्रत निघते, त्याहून मोठं तुम्ही काही छापणार आहात का?

वाटणी साधारण अशी धरा: बॉडी ३५, प्राइम लेन्स १०, उरलेले ११ मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि हार्ड डिस्कसाठी. हार्ड डिस्क टाळू नका. फोटो एकाच जागी ठेवणं म्हणजे ते कधीतरी जाणार. एडिटिंगसाठी दरमहा भाड्याचं सॉफ्टवेअर सध्या नको, डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत.

सेकंडहँड घेताना दिवसाउजेडी जा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण किंमत कमी करायला कारण मिळतं. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, अशी लेन्स फुकट दिली तरी घेऊ नका. शटर किती वेळा पडलंय ते विचारा, साध्या बॉडीचं शटर बहुतेक १ लाखाच्या आसपास चालेल असं धरलेलं असतं. वीस-तीस हजार झाले असतील तर निर्धास्त घ्या, ऐंशी हजार झाले असतील तर भाव बराच पाडून मागा.

टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात भरा. तो मंजूर झाला की मला कळवा, सरेंडरचा अर्ज देण्याआधी त्यातल्या अटी एकदा एकत्र बघू.