फार्मातून गॅसच्या लॅबमध्ये जाताना

प्रश्न: सर, मी एमएस्सी अ‍ॅनालिटिकल, आजवर फार्मात एचपीएलसीवरच (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) काम केलंय, आता भोसरीत नॅचरल गॅस आणि डिझेल तपासणाऱ्या लॅबमध्ये लागतेय. तिकडचं क्रोमॅटोग्राफीचं (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजण्याचं) सॉफ्टवेअर नव्याने शिकावं लागेल का?
एक वाचक, पिंपळे गुरव

उत्तर: अभिनंदन ताई! इंटिग्रेशन (आलेखातल्या उंचवट्याचं, म्हणजे पीकचं, क्षेत्रफळ काढणं), बेसलाइन (पीकखालची मूळ रेषा), ऑडिट ट्रेल (कोणी काय बदललं याची नोंद) हे तुम्हाला येतंच, बटणांवर हात बसायला वेळ लागणार नाही. फरक आहे तो पीक मोजून झाल्यावरच्या हिशोबात. गॅसमध्ये सॅम्पलमधलं झाडून सगळं मोजायचं असतं, मिथेन, इथेन, प्रोपेनपासून नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइडपर्यंत, म्हणून टीसीडी (वायूच्या उष्णतावहनावर चालणारा डिटेक्टर) लागतो कारण एफआयडीला (ज्योतीवर चालणारा डिटेक्टर) नायट्रोजन दिसतच नाही, मग सॉफ्टवेअर सगळ्याची बेरीज 100 वर आणतं आणि त्यावरून आयएसओ 6976 या मानकाप्रमाणे कॅलरीफिक व्हॅल्यू, म्हणजे गॅस जाळल्यावर मिळणारी उष्णता, काढतं. मोठ्या खरेदीत पैसे एमएमबीटीयूवर, म्हणजे उष्णतेच्या एककावर ठरतात, त्यामुळे हा आकडा चुकला की थेट बिल चुकतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, रिपोर्टवरच्या 100.00 ला भुलू नका, आधी नॉर्मलाइज न केलेली, म्हणजे 100 वर न आणलेली, मूळ बेरीज उघडून बघा. समजा रिटेन्शन टाइम (घटक यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ) जरासा सरकला आणि प्रोपेन त्याच्यासाठी ठरवलेल्या वेळेच्या विंडोच्या बाहेर गेला, तर सॉफ्टवेअर त्याला नावच देत नाही, बेरीज येते 98.2, पण ती ताणून 100 केली की प्रोपेन शून्य, मिथेन फुगलेला आणि कॅलरीफिक व्हॅल्यू कमी, आणि रिपोर्ट मात्र एकदम स्वच्छ दिसतो! एएसटीएम डी1945 या नॅचरल गॅस तपासणीच्या मानकात ही मूळ बेरीज 100 पासून 1 टक्क्याहून जास्त हलू नये असं आहे. ऑक्सिजनचं पीक दिसलं तर सॅम्पल घेताना हवा शिरली का ते आधी तपासा.

डिझेलला सिम्युलेटेड डिस्टिलेशन, म्हणजे प्रत्यक्ष न उकळता क्रोमॅटोग्राफीवरून उकळबिंदू काढणं, मानक एएसटीएम डी2887. तिथे एकेक पीक नाही, अख्ख्या क्रोमॅटोग्रामचे (यंत्राने काढलेल्या आलेखाचे) बारीक स्लाइस करतात आणि उकळबिंदू माहीत असलेल्या नॉर्मल पॅराफिनच्या (सरळ साखळीच्या हायड्रोकार्बनच्या) कॅलिब्रेशनवरून वेळेचं उकळबिंदूत रूपांतर होतं. ओव्हन तापत जातो तसा कॉलमचा ब्लीड (घटक वेगळे करणाऱ्या नळीच्या अस्तरातून झिरपणारा सिग्नल) वाढतो, त्यामुळे ब्लँक रन (सॅम्पलशिवाय घेतलेला रन) वजा करायचा राहिला तर शेवटचा उकळबिंदू उगाच वर जातो.

रुजू झाल्यावर कॅलिब्रेशन गॅसच्या (घटकांचं प्रमाण आधीच माहीत असलेल्या गॅसच्या) जुन्या रनच्या फाइल्स मागून घ्या, कॉपीवर स्वतः रीप्रोसेस करा आणि आलेले आकडे सिलिंडरच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा.