गिअरचा डबा आधी विकू नका : घरच्या वर्कशॉपमधील जुन्या यंत्रांविषयी प्रश्नोत्तरे

पॉवरलूमचे आणि शेतीपंपांचे सुटे भाग घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टर्न करून देणारी सोलापुरातील एक पिढी आता थकली आहे, आणि तिचे लेथ (धातू फिरवून कातणारे यंत्र), शेपर (धातू सपाट तासणारे यंत्र), ड्रिल मशीन मुलांच्या व सुनांच्या वाट्याला आले आहेत. या यंत्रांचे काय करावे, असे विचारणाऱ्या पत्रांत तेच ते गैरसमज पुन्हा पुन्हा दिसतात. म्हणून त्यांतील काही प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : वडिलांचा साडेचार फुटी लेथ विकायचा आहे. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो. मामा म्हणतात, तो जुन्या मिलमधला विलायती लेथ आहे, त्याला लाखो रुपये येतील. कोणाचे खरे मानावे? (अक्कलकोट रस्ता)

उत्तर : कोणाचेच नाही, कारण दोघांपैकी एकानेही मशीन चालवून पाहिलेले नाही. सोलापुरात दर दुसरा जुना लेथ ‘मिलमधला’ असतो. ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी सोलापूरची कापड गिरणी १८७७ साली सुरू झाली हे खरे असले, तरी तुमचा लेथ तिच्या वर्कशॉपमधून आला असे म्हणायला लिलावाची पावती किंवा तसा एखादा कागद हातात लागतो. तो नसेल तर ही कथा गिऱ्हाइकाला सांगू नका. मशीन बटाला, लुधियाना किंवा राजकोटचे निघाले, तर त्यातही कमीपणा काही नाही. चांगल्या अवस्थेतील एचएमटीला आणि हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करला आजही मागणी आहे.

किंमत ठरते ती बेड (ज्यावर बाकीचे भाग सरकतात तो ओतीव पाया), स्पिंडल (काम फिरवणारा मुख्य दांडा) आणि सोबतचे सामान यांवर. बेड सर्वांत जास्त झिजतो तो चकजवळ, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या भागाजवळ, कारण बहुतेक काम तिथेच होते. सॅडल (हत्यार घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणून त्याचे गिब (ढिलेपणा काढणाऱ्या पट्ट्या) हलकेच इतके आवळा की हाताचे चाक जेमतेम फिरेल, आणि मग सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे उजव्या टोकाच्या आधाराकडे, सरकवत न्या. वाटेत ते अडकले, तर चकजवळचा भाग झिजला आहे असे समजा. स्पिंडलखाली लाकडी दांडा घालून वर उचलून पाहताना डायल गेजचा काटा ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलला, तर बेअरिंगची चौकशी करावी लागेल. शेवटी चकमध्ये सहा इंचांचा गज धरून टेलस्टॉकच्या आधाराशिवाय हलका कट घ्या आणि दोन्ही टोके मायक्रोमीटरने मोजा. फरक आला म्हणून लगेच मशीनला दोष देऊ नका, कारण मशीनची लेव्हल बिघडली असली तरीही असाच टेपर (निमुळतेपणा) येतो. ही तपासणी भंगारवाल्याशी आणि खरेदीदाराशी संबंध नसलेल्या अनुभवी टर्नरकडून (लेथ चालवणाऱ्या कारागिराकडून), त्याची मजुरी देऊन, करून घ्या. त्याआधी भाव बोलू नका.

प्रश्न : नावाची पाटी निघून गेली आहे. मशीन कोणत्या कंपनीचे ते कसे कळेल? (शेळगी)

उत्तर : बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला अनेकदा नंबर ठोकलेला असतो, तेथील तेलाचा थर रॉकेलच्या बोळ्याने पुसा आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल बसवलेल्या डाव्या पेटीच्या) ओतीव भागावर रंगाखाली उठावाची अक्षरे आहेत का, ते पाहा.

प्रश्न : विकण्यापूर्वी पॉलिश पेपर मारून नवा रंग दिला तर किंमत वाढेल का? (साखर पेठ)

उत्तर : घटेल. पॉलिश पेपरची धूळ बिडाच्या पृष्ठात रुतून बसते आणि सॅडलखाली कानशीसारखे काम करते. शिवाय मूळच्या स्क्रेपिंगच्या (पृष्ठ हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खुणा शिल्लक असतील, तर जाणकाराला दिसणारा एकमेव चांगला पुरावाही पुसला जातो. जुन्या रंगात शिसे असू शकते, त्यामुळे तो कोरडा घासणे फुप्फुसांनाही घातक आहे. रॉकेल, सुती चिंधी आणि नंतर पातळ तेलाचा हात एवढेच करा.

रंगरंगोटी ही जुन्या यंत्रांच्या बाजारातील ठरलेली युक्ती आहे. तडा गेलेल्या ओतीव भागावर लांबी भरून वर राखाडी रंग मारतात आणि ‘ओव्हरहॉल केलेले’ म्हणून दीडपट भाव सांगतात. तरुणपणी मी स्वतः एका व्यापाऱ्याकडून असाच एक लेथ घेतला होता. त्याचा गिअरबॉक्स आश्चर्य वाटावे इतका शांत चालत असे. महिनाभराने तेल काढले तेव्हा ते गुळाच्या पाकासारखे दाट होते, आणि बोटांवर चोळल्यावर लाकडाचा भुसा लागला. गिअरचा आवाज दाबण्यासाठी तो मुद्दाम घातलेला होता. त्या तेलाने बुशांची (दांडे ज्यात फिरतात त्या कड्यांची) जी हानी झाली ती पुढे भरून आली नाही. प्रामाणिक मळलेले मशीन मी अशा रंगवलेल्या मशीनपेक्षा केव्हाही जास्त भावाने घेईन.

प्रश्न : सासऱ्यांच्या लेथखाली एक पत्र्याचा डबा आहे, त्यात सुटी दातेरी चाके आणि काही लोखंडी तुकडे आहेत. भंगारवाला म्हणतो, मशीन राहू द्या, आधी हा डबा देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल. द्यावा का? (बाळीवेस)

उत्तर : ताई, देऊ नका. हे पत्र वाचून मी बाकीची पत्रे बाजूला ठेवली, कारण सोलापुरातील निम्मे चांगले लेथ याच डब्यापायी भंगारात गेलेले मी पाहिले आहेत.

ती दातेरी चाके म्हणजे चेंज गिअर. प्रत्येकावर एक आकडा ठोकलेला असतो, आणि तो दात्यांची संख्या सांगतो. बहुधा २०, २५, ३० असे पाचाच्या पटीतील आकडे सापडतील. लेथवर आटे पाडताना स्पिंडल आणि लीडस्क्रू (सॅडल पुढे सरकवणारा लांब आट्यांचा दांडा) यांच्यामध्ये कोणती चाके लावली आहेत, त्यावर आट्यांचे अंतर ठरते. चाके नसतील तर लेथ गज सोलेल, पण आटे पाडणार नाही, आणि आटे न पाडणारा लेथ घेणारा शहाणा टर्नर मला अजून भेटलेला नाही.

डब्यात १२७ दात्यांचे एखादे मोठे, पातळ चाक असेल तर ते वेगळे काढून घरात ठेवा. १९५६ साली वजन-मापांचा कायदा झाला आणि त्यानंतर देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने रुळली. त्याआधीच्या बहुतेक लेथचे लीडस्क्रू इंची असत, आणि नंतरच्याही कित्येकांचे इंचीच राहिले. इंचाला चार आटे असलेल्या लीडस्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, ६.३५ मिलिमीटर. त्यावर दीड मिलिमीटरचा आटा हवा असेल, तर ३० आणि १२७ दात्यांची जोडी लागते, आणि त्या जोडीने तो तंतोतंत येतो, कारण २५.४ ला पाचाने गुणले की १२७ होतात. ६३ दात्यांच्या चाकानेही जवळपासचे काम होते, म्हणून तेही जपा. १२७ ही मूळ संख्या असल्याने साध्या डिव्हायडिंग हेडच्या (वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या साधनाच्या) प्लेटवर तिचे भाग पडत नाहीत, डिफरन्शियल इंडेक्सिंग ही अवघड पद्धत वापरावी लागते, आणि ते करून देणारा कारागीर आता शोधावा लागतो. नवे चाक करून घेताना दात्यांचे माप, दाबकोन, भोक आणि चावीची खाच हे सारे जुळावे लागते. भंगारवाला मात्र ते चाक किलोवर मोजतो.

मागच्या पावसाळ्यात एका घरी लेथ पाहायला कुर्डुवाडीचा एक खरेदीदार आला, तेव्हा मीही तिथे होतो. त्याने बेड पाहिला, स्पिंडल फिरवले, मान हलवली; भाव जवळजवळ ठरला. मग त्याने डाव्या बाजूचे झाकण उघडले. आत दोनच चाके होती आणि मधला खुंट मोकळा होता, त्यावरचे ग्रीस वाळून काळे पडले होते. ‘बाकीची चाके?’ असे त्याने विचारले. आठ दिवसांपूर्वीच डबा वजनावर गेला होता. त्याने झाकण लावले, हात पुसले आणि चहा न घेता निघून गेला. तो लेथ पुढे किलोच्याच भावाने गेला.

त्या ‘लोखंडी तुकड्यां’तही चकचे उलटे जॉ (पकडणारे जबडे), चकची किल्ली, स्टेडी रेस्ट, फेसप्लेट असे काही असणार. जॉवर १, २, ३ असे आकडे असतात आणि ते त्याच चकसाठी बनवलेले असतात. दुसऱ्या चकमध्ये ते नीट केंद्रात धरत नाहीत. सगळे सामान कापडावर मांडा, आकडे वर दिसतील असे फोटो काढा, यादी करा आणि मशीन विकले जाईपर्यंत एक नटसुद्धा हलवू नका. यादी करताना जवळच्या एखाद्या जुन्या टर्नरला अर्धा दिवस बोलवा.

प्रश्न : फोनवरून एका गिऱ्हाइकाने मशीन न पाहताच पसंत केले आणि विसार पाठवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितले. टाकू का? (जुळे सोलापूर)

उत्तर : पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, ही फसवणूक आहे. पिन टाकून बसला असाल, तर आताच्या आता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा.

प्रश्न : वडील वारले. त्यांचे वर्कशॉप विकताना जीएसटी आणि आयकर लागेल का? (विजापूर रस्ता)

उत्तर : मालाची विक्री करणाऱ्याला आपल्या राज्यात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण वडिलांची नोंदणी होती का, त्यांनी यंत्रांवर घसारा घेतला होता का, यावर पुढचे अवलंबून आहे. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने स्वीकारू नका; आयकर कायद्यात त्यास मनाई आहे. खरेदीदार नोंदणीकृत व्यापारी असेल, तर ई-वे बिलाचे (मालवाहतुकीच्या ऑनलाइन कागदाचे) काय हे आधीच ठरवा. ‘जुन्या मालाला काहीच लागत नाही’ हे दलालाचे वाक्य आहे. जुनी विवरणपत्रे घेऊन करसल्लागाराकडे जा.

प्रश्न : योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत लेथ शेडमध्ये जाड सोलापुरी चादरीने झाकून ठेवला आहे. चार वर्षे झाली. चालेल ना? (होटगी रस्ता)

उत्तर : चालणार नाही. सुती चादर पावसाळ्यात ओल धरते आणि ती ओल बेडला चिकटून राहते; तिच्या विणीचे चौकडे गंजाच्या रूपाने बेडवर उमटलेले मी पाहिले आहेत. प्लास्टिकने गच्च बांधलेत, तर आत घाम येतो. उघड्या धातूवर जाडसर तेल लावा, वरून सैल आच्छादन टाका आणि दर महिन्याला स्पिंडल हाताने फिरवा. पण चार वर्षे हा काळ फार झाला. या महिन्यात तपासणी करून घ्या आणि भाव ठरवा.

प्रश्न : खरेदीदार छोटा हत्ती आणि चार हमाल घेऊन येणार आहे. तेवढे पुरेल का? (बार्शी)

उत्तर : ड्रिल मशीनला कदाचित पुरेल, लेथला पुरणार नाही. लेथचे वजन हेडस्टॉककडे एकवटलेले असते, त्यामुळे तो पाहता पाहता कलंडतो आणि पडताना हात किंवा पाय घेऊन जातो. चक उतरवा, सॅडल आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन आवळा, पट्टा बेडखालून घाला आणि तो लीडस्क्रूला टेकणार नाही अशी लाकडी फळी मध्ये ठेवा. मशीन कललेच, तर हाताने सावरायला कोणीही पुढे जायचे नाही, हे हमालांना आधी बजावून सांगा. थ्री फेज जोडणी परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच सोडवावी, आणि तारांवर खुणा करून फोटो काढून ठेवावा. उचलण्याचे काम चेन पुली किंवा क्रेन रोज वापरणाऱ्या माणसाकडे द्या, आणि त्याने जागा येऊन पाहिल्याशिवाय गाडीची वेळ ठरवू नका.