दिवसभर शिकवून आवाज बसतो, वनस्पतीजन्य आहाराने फरक पडेल का?

पडू शकतो, पण खाल्लेला घास स्वरतंतूंना लागत नाही. तो अन्ननलिकेतून जातो. त्यामुळे आहाराचा परिणाम होतो तो आडवळणाने, मुख्यतः आम्लपित्तातून. पोटातलं आम्ल घशापर्यंत चढलं की स्वरतंतू सुजतात. छातीत जळजळ नसतानाही हे होतं, म्हणून ते लक्षात येत नाही. सकाळी आवाज घोगरा, सारखं खाकरावंसं वाटणं, ही त्याची खूण. अमेरिकेतल्या 2017 च्या एका अभ्यासात बहुतांश वनस्पतीजन्य आहार आणि अल्कधर्मी पाणी घेणाऱ्यांना अशा त्रासात आम्लरोधक गोळ्यांइतकाच आराम मिळाला होता.

मात्र आपल्या नाशिकची मिसळही वनस्पतीजन्यच, आणि तिची तेलकट, झणझणीत तर्री घशाला नकोच! रोज सकाळी मिसळ खात असाल तर ती आधी कमी करा. त्याऐवजी नागलीची भाकरी, मुगाचं वरण, दुधी, पपई, केळं. द्राक्षं गोड असतील तर खुशाल खा, आंबट टाळा. रात्रीचं जेवण झोपण्याआधी तीन तास उरका. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

पाणी तासिकांच्या मधे घोट-घोट प्या. बसलेल्या आवाजात कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. ज्येष्ठमध चघळत असाल तर रक्तदाब जास्त असणाऱ्यांनी जपून.

आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने घसा तपासून घ्याच.