गाडी उचलायची दोन खांबी लिफ्ट घेताय? आधी जमीन बघा

ऑर्डर देण्याआधी गॅरेजच्या कोपऱ्यात ड्रिल मारून काँक्रीटची जाडी बघाच. गोव्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत जांभ्याच्या भरावावर नुसता पातळ कोबा असतो. त्यात अँकर बोल्ट (खांब जमिनीला जखडणारा) धरत नाही, गाडी वर असताना उपटतो. चार टनी लिफ्टला सहा इंच जाडीचं, सळई घातलेलं काँक्रीट ओता आणि 28 दिवस भार देऊ नका.

माल सहाशे-सातशे किलोचा. वाड्यात ट्रक शिरत नसेल तर हायड्रा (फिरती क्रेन) आधीच ठरवा. पावतीवर सही करण्यापूर्वी सिलिंडरचा रॉड बोटाने चाचपा. ओरखडा असेल तर सील फाटून तेल गळणार.

बोल्टच्या भोकातली धूळ पूर्ण काढा, नाहीतर बोल्ट नुसता फिरतो. खांब ओळंब्यात आणून मगच टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आवळा. लिफ्ट वर जाताना दोन्ही खांबांतले, ती खाली घसरू न देणारे लॉक एकदमच वाजायला हवेत. मागेपुढे वाजले तर दोन्ही बाजू सारख्या उचलणाऱ्या केबलचा ताण जुळवा.