फोर पास लूप पहिल्यांदा पळणार असशील तर
अमेरिकेतल्या कोलोरॅडोतली, चार डोंगरी खिंडी ओलांडून परत सुरुवातीला आणणारी ही पायवाट साधारण ४५ किमीची आहे, पण मॅरेथॉन झालीये म्हणजे हेही होईल असं धरू नकोस, चारही खिंडी ३७०० मीटरच्या वर आहेत आणि तिथे दम लागतोच, त्यामुळे उंचीची सवय व्हायला आधी दोन-तीन दिवस जवळच्या ॲस्पेन गावात राहून घे. जुलै-ऑगस्टात दुपारी विजा पडतात, म्हणून हेडलॅम्प लावून पहाटे अंधारातच निघ. वेस्ट मरून खिंडीकडून सुरू केलंस तर वाटेतल्या स्नोमास लेकला पोचल्यावर आकाश नीट बघ, शेवटची बकस्किन खिंड अजून बाकी असते, ढग काळे दिसले तर खालच्या झाडीतच थांब, अगदी खरंच थांब, टायमिंग गेलं खड्ड्यात. पाणी ओढ्यांचं मिळतं, फिल्टर मात्र हवाच. रेंज नसते, सॅटेलाइट मेसेंजर घे.